डोंगा खाली आला

आमच्या मधल्या खोलीतून काही दिवस नर्मदा वाहत होती. खोटं नाही सांगत. बाबांनी माझ्याच खडूने ती फरशीवर काढली होती. धान्याच्या कोठीपाशी मंडला, तिथून वळणं घेत, पाटा-वरवंट्याच्या बाजूने सरकत, पार मोरीच्या दगडाशी ग्वारीघाट. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नदीच्या अलीकडे बसायची खोली आणि पलीकडे चूल. बाबा आणि त्यांचे दोस्त वामनकाका काठावर मांडी घालून बसत आणि बिडीच्या थोटकाने एकमेकांना दाखवत, इथं पाणी पसरट आहे, इथं खडक, इथं मुक्काम. आई चुलीपाशी बसून ऐकायची, आणि पोळी लाटता लाटता मधूनच विचारायची, इथं म्हणजे किती खोल? मग दोघंही नवी बिडी पेटवत.

बेत असा होता. ग्वारीघाटचा सुखलाल बर्मन नावाडी, त्याच्या सासुरवाडीच्या लोकांनी मंडल्याकडे त्याच्यासाठी एक डोंगा करून ठेवला होता. डोंगा म्हणजे अखंड खोड कोरून केलेली अरुंद नाव, तीत दोघं आरामात बसतात, तिघं सांभाळून. तो डोंगा पाण्याने ग्वारीघाटाला आणायचा होता. चार-पाच दिवसांचा प्रवाह. वामनकाका सुखलालचे जुने गिऱ्हाईक, दर रविवारी त्याच्याजवळ बसून गळ टाकायचे. ते म्हणाले, आपणही बसू, वाटेत पढिन मारू. पढिन हा बिनखवल्यांचा मासा, लांबलचक, मिशांचा, तोंड हे एवढं. वामनकाका आईला सांगत, "वहिनी, पढिन म्हणजे आमचा फोरमनच समजा. मिशा तेवढ्याच, तोंड तेवढंच, अन् गप्प राहून गिळते." एरवी आई अशा बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसायची. या वेळी हसली नाही. घरात येता-जाता एकच वाक्य ऐकू यायचं, डोंगा खाली आणायचा, डोंगा अमक्या दिवशी खाली येईल. माझ्याही डोक्यात ते असं बसलं होतं की मी भांडी घासतानाही म्हणायची, डोंगा खाली येईल, डोंगा खाली येईल.

लढाई संपली, असं रेडिओ सांगायचा. बाबांच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीला मात्र ते कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. ओव्हरटाइम तसाच चालू होता. आमच्या खिडक्यांच्या काचांवरचा ब्लॅकआउटचा काळा कागदही आईने काढला नव्हता. म्हणायची, राहू दे, पुन्हा लावायची पाळी आली तर कोण बसेल चिकटवत. एका काचेवर मी नखाने भोक पाडलं होतं, त्यातून दुपारी एक उन्हाची चवली जमिनीवर पडायची. बाबा फॅक्टरीत टर्नर होते, वामनकाकांच्या शेजारच्या लेथवर. त्या महिन्यांत ते घरी येत ते फक्त जेवायला आणि निजायला, आणि दोन्ही धड होत नव्हतं. आम्ही क्वार्टरात राहत नव्हतो, ग्वारीघाट रोडला भाड्याने होतो, पण वारा तिकडचा असला की फॅक्टरीचा भोंगा आमच्यापर्यंत यायचा. भोंगा झाला की बाबांचा घास हातातच थांबायचा. झोपेतून उठून शर्ट शोधायला लागत, सुट्टी असली तरी. आणि हात. चहाचा कप बशीवर वाजायचा, टुक टुक टुक. घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही. एक दिवस आईने कपबशी फळीवर वरती ठेवून दिली आणि बाबांना पितळी पेल्यात चहा द्यायला लागली. पेला वाजत नाही.

बाबांना पोहता येत नव्हतं. त्यांच्या आईने एकुलत्या एका लेकाला कधी घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ दिलं नव्हतं. त्यामुळे जन्म जबलपुरात गेला आणि नर्मदा कमरेच्या वर कधी लागली नाही. हे आम्हाला ठाऊक, वामनकाकांना ठाऊक, सुखलाललाही ठाऊक. आई म्हणाली, "अहो, तुम्हाला पोहता कुठं येते?"

"पोहायला नाही जाऊन राहिलो. बसायला जाऊन राहिलो."

"बसायला घरी जागा नाही का?"

दुसऱ्या दिवशी बाबा ट्रकची एक जुनी ट्यूब घेऊन आले, हवा भरलेली. ती गळ्यात घालून खोलीतून दोन चकरा मारल्या आणि आईला वचन दिलं की पाण्यावर असेस्तोवर ही अंगातून काढणार नाही. ट्यूब खुंटीला टांगली गेली. आई रोज सकाळी ती उतरवायची आणि घंगाळात थोडी थोडी करून दाबून बघायची, बुडबुडे येतात का. पूर्ण गोल फिरवून झाल्यावर पुसून पुन्हा खुंटीला. तुम्हाला हसू येईल. मलाही तेव्हा यायचं. आता नाही येत.

मग आईचं मन बदललं कसं, हे सांगायचं राहिलं. बाबांनी सायकलच्या मोडक्या तारांचे गळ करायला घेतले होते. संध्याकाळी दारात बसून कानशीने टोक काढत, किर्र किर्र, किर्र किर्र, दात शिवशिवायचे. एकदा मी आणि आई गहू निवडत होतो, आणि आईचा हात सुपातच थांबला. ती बाबांकडे बघत होती. मीही पाहिलं. तार चिमट्यात धरलेला डावा हात स्थिर, कानस धरलेला उजवा स्थिर. काजळी धरावी तसे अलगद ते टोक काढत होते. आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग गहू पाखडायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ दे त्यांना." त्यानंतर तिने जाऊ नका असं एकदाही म्हटलं नाही. काळजी मात्र दुप्पट करायला लागली.

काळजीचं काय असतं, ती डब्यात भरता येते. दशम्या, जवसाची चटणी, सातूचं पीठ, शेंगदाण्याचे लाडू, हळद-तिखट-मिठाच्या वेगळ्या पुड्या, त्यावर मेणकापड. आईचं मन जेवढं घाबरे तेवढा एक डबा वाढे. सुखलाल एकदा सामान बघायला आला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "बाई, डोंगा डूबेगा तो लड्डू से डूबेगा." बिचाऱ्याने गंमत केली, पण आईने त्या दिवशी लाडवांचा अर्धा डबा काढून मिसराइन चाचीकडे देऊन टाकला. मिसराइन चाची म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची शेजारीण. एका फळीवर लाडू आणि दुसऱ्या फळीवर डालड्याच्या डब्यात ओल्या मातीतली गांडुळं, असा तो संसार. आमच्याकडे मासे चालायचे, पण तलावातले. मैयाचा, म्हणजे नर्मदेचा, मासा आईने कधी चुलीवर चढवला नव्हता. तेव्हा ठराव असा झाला की जे काय मिळेल ते तिथंच, काठावर. घरी काटासुद्धा आणायचा नाही.

दोरी घ्यायला बाबा मला कमानिया गेटाजवळच्या दुकानात घेऊन गेले होते. बाबांनी एक दोरी दोन्ही मुठींत धरून झटका दिला, दुसरी धरून दिला, तिसरी. दुकानदाराने विचारलं काय बांधायचं आहे. पढिन, बाबा म्हणाले. "तो बाबूजी, कुएँ की रस्सी ले जाइए," तो म्हणाला, आणि बाबा हसले. त्या सगळ्या महिन्यांत मी त्यांना मोठ्याने हसताना तेव्हाच पाहिलं. परत येताना सराफ्यातून आलो. एरवी मी तिथं दर दुकानापाशी रेंगाळायची, पण त्या दिवशी नाही. मला ते हसू घरापर्यंत न्यायचं होतं.

रजा मिळाली ती अटीवर. वरच्या साहेबाने सांगितलं होतं, ऑर्डर अजून पडलेली आहे, ठरल्या सकाळी मशीनवर दिसला नाहीस तर पुढचं तुझं तू बघ. बाबा ते आईला सांगत होते तेव्हा तिने फक्त एवढंच ऐकलं की ठरल्या सकाळी. म्हणजे त्याच्या आदल्या संध्याकाळी घरी. तिने तो दिवस मनात पक्का धरला.

आणि हो, आईचा वळसा सांगायला हवा. नर्मदेची परकम्मा करणारे लोक नदी ओलांडत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काठाकाठाने चालतात, महिने लागोत की वर्षं. बाबा निघाले त्या पहाटे, मंडल्याच्या बसला ते आणि वामनकाका बसले, ट्यूब टपावर बांधली; सुखलाल आधीच पुढे गेला होता. आम्ही घरी परतलो, आणि आई मधल्या खोलीच्या उंबऱ्यात थबकली. समोर खडूची नर्मदा, पलीकडे चूल. ती मागे फिरली, दाराबाहेर गेली, बोळातून घराला वळसा घालून परसदाराने आत आली आणि चूल पेटवली. मी म्हटलं, आई, काहून? तर म्हणाली, "ते सुखरूप येईस्तोवर मी मैया ओलांडत नाही." झाडतानाही या काठाने इकडचं, त्या काठाने तिकडचं. पाणी आणायचं तरी बोळातून. मिसराइन चाचीने विचारलं, बहू, दिनभर घर के चक्कर काहे काट रही हो? आईने सांगितलं, पायाला मुंग्या येतात. मी मात्र दहा वेळा नदी ओलांडत होते, आणि दर वेळी ती माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची.

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. घरात कानस वाजत नव्हती. भोंगा झाला की आता आई दचकायची. कुठे कोणी अंघोळीचं पाणी ओतलं की मान वळायची. पढिन माणसाला ओढतो का, हे तिने मला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, आणि मिसराइन चाचीला तर दोनदा. ठरलेली संध्याकाळ आली. आईने वांग्याचं भरीत केलं, बाबांच्या आवडीचं, निखाऱ्यावर जाडजाड गाकर भाजले. पानं घेतली. मग झाकली. सकाळी ती तशीच झाकलेली होती आणि आई चुलीपाशी बसलेली होती.

उजाडल्यावर दूधवाला आला. तो ग्वारीघाटाकडून यायचा. मी परसात तोंड धूत होते, मला बोलणं ऐकू आलं नाही, पण आई धावत परसात आली, तीही बोळातून वळसा घालून, आणि माझे ओले हात धरले. "सुमे, डोंगा खाली आला गं. घाटावर लागला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दूधवाल्याचं तोंड गोड करायला गूळ आणायला ती आत गेली होती, तोवर तो पुढच्या घरी निघून गेला होता. तिने तो गूळ माझ्याच तोंडात भरला. मग भरीत गरम करायला ठेवलं, केस विंचरले, आणि मिसराइन चाची भिंतीवरून डोकावली तेव्हा हसत हसत आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, "चाची, डोंगा आ गया. खाली आ गया."

चाचीचा चेहरा उतरला. "खाली?"

"हाँ, खाली. घाट पे," आई म्हणाली, अजून हसतच.

चाची फाटकातून आत आली. आईचा हात दोन्ही हातांत घेऊन तिला खाटेवर बसवायला लागली, जसं मयत झालेल्या घरी जाऊन बसवतात. आणि तेव्हा माझ्या तोंडातला गूळ कडू झाला. मी त्या गल्लीतच वाढलेली. आई अमरावतीकडची, तिच्या कानाला खाली म्हणजे खाली, वरचं नाही ते. पण दूधवाला मराठी कुठं बोलत होता? त्याच्या तोंडी खाली म्हणजे रिकामा. डोंगा रिकामा आला होता.

मी आईला कसं सांगितलं, आठवत नाही. सांगावं लागलंच नसेल, चाचीच्या हातांनीच सांगितलं असेल. आजही आमच्या बिल्डिंगचा चौकीदार म्हणतो, अम्माजी, लिफ्ट खाली है, आणि मी क्षणभर उभी राहते. माझ्या नातीला कळत नाही, आजी का थांबली.

आई उठली. त्या घाईतही तिने खोलीतली नदी ओलांडली नाही, परसातून बोळात आणि बोळातून रस्त्यावर. मिळेल त्या रिक्षात बसलो. वाटभर ती पदराचं टोक मुठीत धरून पिळत होती. घाटावर सकाळच्या अंघोळी चालू होत्या, नर्मदे हर चाललं होतं. कडेला नवा डोंगा बांधलेला. अजून लाकडाचा रंग उजळ. आत आमचा लाडवांचा डबा, रिकामा. आणि ट्यूब.

आई पाण्यात उतरली, गुडघाभर, आणि ट्यूबवर हात ठेवून उभी राहिली. एका पंड्याला मी विचारलं, सुखलाल कुठे? त्याने पलीकडचा काठ दाखवला. पहाटे आला, डोंगा बांधला आणि घरी जाऊन पडला. त्याचं घर पल्याड. आमच्या शेजारीच एक नाव सुटायच्या बेतात होती. मी आईकडे पाहिलं. म्हटलं, तू थांब, मी जाऊन विचारून येते. जी बाई पाच दिवस खडूच्या रेघेवरून पाऊल टाकत नव्हती, ती माझ्याआधी नावेत जाऊन बसली होती. ट्यूब मांडीवर घेऊन. पाण्याकडे तिने बघितलं नाही, सरळ पलीकडे बघत होती.

सुखलाल अंगणात खाटेवर तोंडावर गमछा घेऊन निजला होता. त्याच्या बायकोने हलवून उठवलं. आईला समोर बघून तो धडपडत उभा राहिला. "बाई, आप इस पार?"

आईने ट्यूब त्याच्यासमोर धरली. मीच विचारलं, बाबा कुठे.

"बाबू लोग?" तो म्हणाला. "वो तो कल साँझ को ही उतर गए. हाज़िरी थी न. अब तक तो मशीन पे खड़े होंगे."

मग हळूहळू सगळं कळलं. शिमग्यानंतरचं पाणी, जागोजागी उथळ. खडकांवरून डोंगा ओढत आणण्यात दिवस गेला. वेळेत पोचत नाही हे दिसल्यावर बाबा आणि वामनकाका एका गावाशी उतरले, चालत मंडल्याच्या सडकेला लागले, म्हणजे ट्रक धरून बरेल्याच्या बाजूने सरळ फॅक्टरी गाठता येईल. घर त्या वाटेवर नव्हतं. सुखलालने दूधवाल्याजवळ निरोप दिला होता, डोंगा खाली आ गओ, बाबू लोग सड़क से गए. पुरा निरोप. दूधवाल्याने दुसऱ्या दिवशी शपथ घेऊन सांगितलं की मी पुरा बोललो. बोलला असेल. अर्ध्या निरोपावरच आई गूळ आणायला गेली होती.

आई खाटेच्या कडेवर बसली. सुखलालच्या बायकोने पाणी दिलं, ते प्यायली. मग ट्यूबकडे बघत, तक्रार करावी तसं, पहिलं वाक्य बोलली. "अंगातून काढणार नाही म्हणाले होते."

सुखलालला मराठी समजायची. म्हणाला, "बाई, पानी में एक पल नहीं उतारी. सोते में भी पहने रहे. सड़क पे पहन के चलते तो लोग हँसते."

संध्याकाळचा भोंगा झाला, आणि काही वेळाने बाबा आले, कोणाच्या तरी सायकलवर डबलसीट. चेहरा उन्हाने काळवंडलेला, केसांत रेती, आणि हातांना मशीनचं तेल. वामनकाकांनी बाहेरूनच ओरडून सांगितलं, वहिनी, फोरमन सापडला होता, पण यांनी दोरी ढिली सोडली. बाबांनी मला मग दाखवलं, दोन्ही हात पसरून, एवढा होता, डोंग्याच्या बाजूने वर आला, मिशा हलवल्या, माझ्याकडे पाहिलं. मग म्हटलं जा. आमच्यावर काय गुदरलं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बसायच्या खोलीत भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, चहा मिळेल का.

तो सगळा पट्टा आता बरगीच्या धरणात गेला. ज्या गावाशी ते उतरले तेही पाण्याखाली असेल. नातवाने फोनवर नकाशा काढून दिला होता. आमच्या नदीला पाट्यापाशी जिथं वळण होतं, तिथं नुसतं निळं दिसतं, पसरलेलं. मी त्याला म्हटलं, मोठं कर, अजून मोठं कर. तो म्हणाला, आजी, याच्याखाली काही नाही.

त्या संध्याकाळी आई पलीकडे चुलीशी होती. मला वाटलं परसदार वाजेल, बोळातून पावलं येतील. पण ती सरळ आली, खडूच्या नदीवर पाय देऊन, मंडला आणि ग्वारीघाटाच्या मधोमध. तिच्या टाचेने नदी तिथं पुसली गेली. हातात पेला नव्हता. फळीवरची कपबशी काढली होती तिने, आणि कप बशीवर वाजत होता, टुक टुक टुक.

बाबांनी वर पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही," आई म्हणाली. "पलीकडे जाऊन आले."

त्यांनी हात पुढे करून कपबशी घेतली. आवाज थांबला.